अहवाल लिहायचाय? मग शेवटापासून सुरू करा

कुठे पूल कोसळतो, कुठे परीक्षेत घोळ होतो, कुठे एखादी यंत्रणा ऐन वेळी बंद पडते. मग बातम्या ठरलेल्या क्रमाने येतात. समिती नेमली. समितीला मुदतवाढ मिळाली. अहवाल सादर झाला. काही काळाने चौथी बातमी येते, अहवाल धूळ खात पडून. आपण वैतागतो, दोष राजकारणाला नाहीतर लालफितीला देतो, आणि तो बऱ्याचदा बरोबरही असतो. पण एक शंका सहसा कुणी काढत नाही : तो अहवाल वाचण्याजोगा होता का?

जागतिक बँकेच्याच दोन अर्थतज्ज्ञांनी २०१४ साली बँकेच्या धोरणविषयक अहवालांचा हिशेब मांडला. सोळाशेहून अधिक अहवाल त्यांनी तपासले. सगळे संकेतस्थळावर फुकट उपलब्ध होते. त्यातले जवळपास एक तृतीयांश कुणी एकदाही उतरवून घेतले नव्हते. एकदाही नाही, म्हणजे लिहिणाऱ्याच्या नातेवाइकांनीसुद्धा नाही. (हे आपल्याला कळलं तेही एका अहवालामुळेच, ही गंमत वेगळी.)

अहवाल लिहिणं आता समित्यांपुरतं उरलेलं नाही. पाळी संपवून जाणारी परिचारिका लिहिते, प्रकल्प संपवणारा विद्यार्थी लिहितो, कारखान्यातला पर्यवेक्षक लिहितो, संस्थेचा चिटणीस लिहितो. शिकवत मात्र कुणी नाही. शाळेत शिकवतात तो निबंध. प्रस्तावना, मधला विस्तार आणि शेवटी समारोप. तोच साचा घेऊन आपण अहवाल लिहायला बसतो आणि तिथेच फसतो.

माझा पहिला अहवाल चाळीस पानांचा होता. दोन महिने राबून लिहिलेला, सुबक बांधणी केलेला. वरिष्ठांनी तो हातात घेतला, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग थेट शेवटच्या पानावर गेले. दोन मिनिटं वाचलं आणि समासात पेन्सिलीने चारच शब्द लिहून परत दिला : "मग मी काय करू?" तेव्हा अपमान वाटला होता. आता वाटतं, अहवालाबद्दल शिकण्यासारखं जे काही आहे त्यातलं निम्मं त्या चार शब्दांत होतं.

अहवाल म्हणजे नेमकं काय

बैठकीत कोण काय बोललं याची नोंद म्हणजे इतिवृत्त. विषयावरचे आपले विचार म्हणजे निबंध. अहवाल या दोन्हींपेक्षा वेगळा असतो, कारण त्याच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी काहीतरी ठरवायला बसलेलं असतं. पैसे द्यायचे की नाहीत, यंत्र बदलायचं की दुरुस्त करायचं, काम थांबवायचं की पुढे न्यायचं. त्या माणसाने स्वतः जाऊन पाहिलेलं नसतं. त्याच्या वतीने तुम्ही पाहिलेलं असतं.

या लेखात तीन शब्द पुन्हा पुन्हा येतील, ते एकदाच समजून घेऊ. निरीक्षण म्हणजे जे दिसलं, मोजलं, ऐकलं ते. निष्कर्ष म्हणजे त्यावरून काढलेला अर्थ. शिफारस म्हणजे त्या अर्थावरून पुढे काय करावं ते. डॉक्टरकडे जाता तेव्हा तिन्ही घडतात. तापमापक १०२ दाखवतो, हे निरीक्षण. "घशाला संसर्ग झालाय", हा निष्कर्ष. "ही गोळी पाच दिवस घ्या", ही शिफारस. तिन्हींची विश्वासार्हता सारखी नसते. तापमापकावर वाद घालता येत नाही. निदानावर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं. औषध तर एकाच निदानावर दोन डॉक्टर वेगवेगळं देतील.

बहुतेक वाईट अहवालांत या तिघांची खिचडी झालेली असते. "कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे यंत्र तीनदा बंद पडले" या वाक्यात "तीनदा बंद पडले" हे निरीक्षण आहे आणि "निष्काळजीपणामुळे" हा निष्कर्ष, पण दोन्ही एकाच सुरात ठोकून दिलेत. निष्काळजीपणा कुणी पाहिला? कसा मोजला? वाचणाऱ्याला शंका आली की तो मग "तीनदा"वरही विश्वास ठेवत नाही.

वाचणारा कोण, आणि त्याच्याकडे वेळ किती

लिहायला बसण्याआधी कागदावर एक वाक्य पुरं करायचं : "हा अहवाल वाचून अमुक व्यक्ती तमुक गोष्ट ठरवणार आहे." अमुक आणि तमुकच्या जागा भरता आल्या नाहीत तर लिहू नका, ज्याने अहवाल मागितला त्याला जाऊन विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अनेकदा मागणाऱ्यालाच ते नीट ठाऊक नसतं, आणि तुमच्या प्रश्नामुळे त्यालाही विचार करावा लागतो.

एकच उदाहरण धरून चालू. समजा, आठ मजली इमारतीची लिफ्ट वारंवार बंद पडते आणि त्यावर तुम्हाला अहवाल द्यायचाय. दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाला कोणता भाग कधी बिघडला ते हवंय. खर्च मंजूर करणाऱ्याला दुरुस्ती की नवी लिफ्ट, एवढंच हवंय. सातव्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट कधी सुरू होणार ते हवंय. माहिती तीच, पण अहवाल तीन. एकाच कागदात तिघांनाही खूश करायला गेलात की तिघेही अर्ध्यावर सोडून देतात.

उत्तर आधी

प्रवासात कुणाला अपघात झाला आणि त्याने घरी फोन केला तर तो काय म्हणतो? "सकाळी साडेसहाला निघालो, रस्त्यात धुकं होतं, चहा प्यायला थांबलो..." असं कुणी सुरू करत नाही. "मी ठीक आहे. गाडीला अपघात झालाय. हाताला लागलंय, दवाखान्यात आहे." आधी हे. बाकीची हकिकत नंतर, विचारेल तशी. आपल्या माणसाशी बोलताना हे शहाणपण प्रत्येकाला असतं. अहवाल लिहायला बसलं की ते कुठे जातं कुणास ठाऊक. तिथे नमनालाच घडाभर तेल : पार्श्वभूमी, उद्दिष्टे, व्याप्ती, मर्यादा, कार्यपद्धती, आणि वाचणारा अजून धुक्यातच.

याचं कारण साधं आहे. आपण ज्या क्रमाने काम केलं त्याच क्रमाने लिहितो. आधी कागदपत्रं जमवली, मग पाहणी केली, मग हिशेब मांडले, मग उमगलं. ही आपल्या शोधाची गोष्ट आहे आणि आपल्याला ती प्रिय असते, कारण घाम आपण गाळलेला असतो. वाचणाऱ्याचा क्रम बरोबर उलटा असतो. त्याला आधी काय उमगलं ते हवं, मग ते कशावरून, आणि त्यानंतर इच्छा असलीच तर कसं शोधलं ते.

म्हणून लिफ्टच्या अहवालाचा पहिला परिच्छेद असा हवा : "लिफ्ट बदलण्याची गरज नाही. गेल्या सहा महिन्यांत ती ११ वेळा बंद पडली. त्यातल्या ९ वेळा बिघाड दरवाजाच्या यंत्रणेत होता. दरवाजाची यंत्रणा बदलली तर बहुतेक त्रास थांबेल असं आम्हाला वाटतं. मंजुरी या महिन्यात मिळाली तर पुढच्या महिन्यात काम होऊ शकेल." पाच वाक्यं. वाचणाऱ्याने इथे कागद मिटला तरी त्याचं काम झालं. पुढचं जे काही आहे ते या पाच वाक्यांना आधार म्हणून.

लिहिताना अर्थातच हा परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहायचा. जोपर्यंत तो लिहिता येत नाही तोपर्यंत आपला विचार पुरा झालेला नाही असं समजावं. मला स्वतःला तो पाच-सहा वेळा खोडावा लागतो.

"पण आधी पुरावा, मग निष्कर्ष, हीच शास्त्रीय रीत ना?"

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारे सहसा प्रामाणिक लोक असतात. निष्कर्ष आधी सांगणं म्हणजे वाचणाऱ्यावर तो लादणं, असं त्यांना वाटतं. पण शास्त्रज्ञांचे शोधनिबंधच उघडून पाहा. सगळ्यात वर, पहिल्याच पानावर, गोषवारा असतो, आणि त्यात निष्कर्षही असतो. उलट, उत्तर आधी कळलं की वाचणारा पुरावा जास्त चिकित्सेने वाचतो, कारण कोणत्या विधानासाठी हा पुरावा आहे ते त्याला माहीत असतं. उत्तर लपवून पुरावे मांडणं हे रहस्यकथेत शोभतं.

अपवाद आहेत. प्रयोगशाळेतला विद्यार्थ्याचा अहवाल शिक्षक पद्धत तपासण्यासाठी वाचतात, तिथे नेमून दिलेला क्रम पाळावा. आणि वाचणारा तुमच्या निष्कर्षाच्या कट्टर विरोधात असेल तर सुरुवात दोघांना मान्य असलेल्या गोष्टीपासून करणं शहाणपणाचं. पण तेव्हाही पहिलं पान संपायच्या आत मुद्द्यावर या.

एका स्लाइडची गोष्ट

१६ जानेवारी २००३ ला 'कोलंबिया' हे अमेरिकेचं अवकाशयान झेपावलं तेव्हा बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात फिरत असतानाच, हा आघात किती गंभीर असेल याचा अंदाज बांधायचं काम अभियंत्यांकडे आलं. त्यांनी आपलं म्हणणं स्लाइडवर मांडलं. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा सांगत होता की चाचण्यांची माहिती पाहता आपले अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेले आहेत. म्हणजे वरवर पाहणाऱ्याला दिलासाच.

मथळ्याखाली उपमुद्दे होते, उपमुद्द्यांखाली आणखी उपमुद्दे. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट होती : आत्ताची परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या खूपच बाहेर आहे. चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता. पंखावर आदळलेला सुमारे १९२० घन इंचांचा. ६४० पट. दुसऱ्या शब्दांत, हातात असलेल्या चाचण्यांवरून या आघाताबद्दल भरवशाने काही सांगता येणार नव्हतं. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान वातावरणात विखुरलं. सातही अंतराळवीर मरण पावले.

चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात ही स्लाइड छापली आणि तिची चिरफाड केली. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली : 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आला होता, आणि त्याचा अर्थ जागोजागी बदलत होता. कुठे 'मोजता येण्याजोगा', कुठे 'धोकादायक', कुठे नुसता 'बराच'.

सगळा दोष त्या स्लाइडचा होता असं मी म्हणत नाही, मंडळानेही म्हटलं नाही. संस्थेची कामाची रीत, वेळापत्रकाचा ताण, धोक्याची सवय होणं, अशी बरीच कारणं त्यांनी नोंदवली. पण विचार करा, त्याच अभियंत्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं असतं : "आदळलेला तुकडा आपल्या चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा आहे. त्यामुळे पंख शाबूत आहे की नाही ते आम्ही सांगू शकत नाही." खोलीतला पुढचा प्रश्न बदलला असता. माहिती त्यांच्याकडे होती, कागदावरही होती. काखेत कळसा होता, पण वळसा वाचणाऱ्याने घालायचा होता.

आपल्या अहवालातल्या मथळ्यांनाही ही कसोटी लावून पाहा. "पाहणीचे निष्कर्ष" हा मथळा काहीच सांगत नाही. "अकरापैकी नऊ बिघाड दरवाजाचे" हा मथळा सांगतो. नुसते मथळे ओळीने वाचले तर पुरा अहवाल कळला पाहिजे.

"शक्यता आहे" म्हणजे किती?

शर्मन केंट हे अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात अंदाज-अहवालांचं काम बघत. १९५१ साली त्यांच्या विभागाने लिहिलं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची "गंभीर शक्यता" आहे. पुढे एका अधिकाऱ्याने त्यांना सहज विचारलं, म्हणजे नेमकी किती? केंट म्हणाले, माझ्या मते शंभरात पासष्ट. अधिकारी चमकला, त्याने ती बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी अहवाल लिहिणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनाच एकेक करून विचारलं. कुणाच्या मनात शंभरात वीस होतं, कुणाच्या मनात ऐंशी. सगळ्यांनी एकमताने एकाच शब्दावर सही केली होती, अर्थ मात्र प्रत्येकाने आपापला धरला होता.

हवामानबदलावर अहवाल देणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने यावर उपाय म्हणून शब्दांना आकडेच बांधून दिले आहेत. त्यांच्या अहवालात 'शक्य' म्हणजे ६६ टक्के किंवा अधिक, 'अतिशय शक्य' म्हणजे ९० टक्के किंवा अधिक, 'जवळपास निश्चित' म्हणजे ९९ टक्के किंवा अधिक. तुमच्या दहा पानी अहवालाला एवढा सरंजाम नको. पण "लवकरच", "बऱ्याच प्रमाणात", "काही प्रकरणांत", "मोठी वाढ" हे शब्द दिसले की पेन्सिलीने गोल करा आणि प्रत्येकाशेजारी आकडा लिहिता येतो का बघा. "लवकरच" म्हणजे आठ दिवस की आठ महिने? आकडा माहीत नसेल तर तसं सरळ लिहा. "हे आम्ही मोजलेलं नाही" या वाक्याने अहवालाची पत वाढते. मी तरी ती कमी झालेली कधी पाहिली नाही.

आकड्यांबद्दल तेवढंच एक. एकटा आकडा कधी सोडू नये. "तक्रारी दुप्पट झाल्या" हे ऐकून धस्स होतं, पण २ च्या ४ झाल्या असतील तर ती बातमीच नाही. किती जणांपैकी, किती काळात, आणि आधी किती, या तिघांशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. चित्र काढायचं तर एकच काढा, पण मुद्द्याचं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंची आकृती छापली. जखमांनी मेलेले सैनिक थोडे आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले खूप जास्त, हे ती बघताक्षणी कळतं. आकडे सरकारी दप्तरात आधीपासून होतेच.

कर्ता कुठे पळाला?

आता जरा आपल्या मराठीकडे वळू, कारण इथे एक खास रोग आहे. हे वाक्य वाचा :

"सदर लिफ्टची तपासणी करण्यात आली असता काही त्रुटी निदर्शनास आल्या असून त्या दूर करण्याबाबत संबंधितांना सूचित करण्यात आलेले आहे."

व्याकरणात चूक नाही. शिक्का मारला तर कुठल्याही फायलीत शोभून दिसेल. पण आता विचारा. तपासणी कुणी केली? कधी? त्रुटी किती, कोणत्या? कुणाच्या निदर्शनास आल्या? संबंधित म्हणजे कोण? त्यांना तोंडी सांगितलं की लेखी? कधीपर्यंत करायचंय? सात प्रश्न आणि उत्तर एकाचंही नाही. 'करण्यात आले' या रचनेची जादूच ही आहे, काम होतं पण करणारा दिसत नाही. काम बिघडलं तरी दिसत नाही, आणि माझ्या मते ही रचना एवढी लोकप्रिय असण्याचं खरं कारण तेच आहे.

हेच असं लिहिता येतं :

"३ तारखेला देखभाल कंत्राटदाराच्या दोन तंत्रज्ञांनी लिफ्ट तपासली. दरवाजाचा एक रोलर झिजला होता आणि सेन्सरवर धूळ साचली होती. सेन्सर त्यांनी तेव्हाच साफ केला. रोलर १५ तारखेपर्यंत बदलायला आम्ही कंत्राटदाराला लेखी कळवलं आहे."

लांबी थोडी वाढली, हे खरं. पण 'थोडक्यात' म्हणजे कमी शब्दांत असं नाही. वाचणाऱ्याला पुन्हा फोन करावा लागू नये, हे खरं थोडक्यात. पहिल्या वाक्यानंतर किमान सात फोन होतात.

अशाच आणखी काही जुन्या ओळखी : 'उपरोक्त', 'विषयांकित', 'अनुषंगाने', 'यथावकाश'. आणि सगळ्यांची राणी, 'योग्य ती कार्यवाही'. ही कुणीही कधीही केल्याचं किंवा न केल्याचं सिद्ध करता येत नाही. ज्याला लोक लिफ्ट म्हणतात तिला अहवालात 'उद्वाहन' म्हणण्याचीही गरज नाही. वाचणारा आधी शब्दाचा अर्थ लावेल, मग वाक्याचा, आणि तोवर त्याचा फोन वाजेल.

प्रत्येक ठिकाणी माणसाचं नाव घालावं असंही नाही. चूक शोधताना पदाचं नाव पुरतं : "रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाने नोंद केली नाही." नाव लिहिलं की अहवाल आरोपपत्रासारखा दिसू लागतो आणि सगळं लक्ष त्या माणसावर जातं. नोंद करायची वहीच रात्री कुलपात असते, हे मग बाजूलाच राहतं.

"साधं लिहिलं तर हलकं वाटेल"

ऑगस्ट १९४० मध्ये, ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले सुरू असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या खात्यांना एक पानी टिपण पाठवलं. विषय होता, अहवाल छोटे लिहा. मुख्य मुद्दे लहान, नेटक्या परिच्छेदांत मांडा. गुंतागुंतीचं विश्लेषण आणि आकडेवारी परिशिष्टात टाका. पोकळ शब्दप्रयोग सोडा, एका शब्दात काम होत असेल तर वाक्प्रचार वापरू नका. बोलण्यातला शब्द वापरायला कचरू नका. युद्ध चालू असताना देशाच्या प्रमुखाला हे सांगावंसं वाटलं, यावरून त्याच्या टेबलावर काय येऊन पडत असेल याची कल्पना येते. साधेपणाने अहवाल हलका होत असता तर हा आग्रह त्यांनी धरला नसता.

परिशिष्टाची सोय मला फार आवडते. "एवढं काम केलं ते दाखवायचं कुठे?" ही लिहिणाऱ्याची खरी व्यथा असते, आणि तिला हे घर आहे. सगळे तक्ते, मुलाखती, छायाचित्रं तिथे. ज्याला शंका येईल तो जाईल.

जे जुळत नाही त्याचं काय करायचं?

बहुतेक जण ते गाळतात. सत्तर नोंदी एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला; तीन कशाला सांगा? पण विरोधक नेमक्या त्या तीनच घेऊन येतो.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात कॉलऱ्याने थैमान घातलं. रोग एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरतोय असं डॉक्टर जॉन स्नो यांचं म्हणणं होतं, आणि तेव्हाच्या बहुतेकांचा विश्वास दूषित हवेवर होता. पंपाभोवती मृत्यू जास्त होते, हे स्नो यांनी दाखवलंच. पण त्यांच्या मांडणीची खरी ताकद अपवादांत आहे. पंपाजवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ जण राहत होते, मेले फक्त ५. का? त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्याच बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते, एकही दगावला नाही. ते बिअर प्यायचे, पंपाचं पाणी नाही. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मात्र कॉलऱ्याने गेली. ती महिनोन्महिने त्या भागात फिरकलेलीही नव्हती. पण ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव तिला आवडायची, म्हणून रोज बाटली मागवायची.

हवा दूषित असती तर कारखान्यातलेही मरायला हवे होते आणि हॅम्पस्टेडची बाई जगायला हवी होती. न जुळणाऱ्या नोंदी स्नो यांनी पुढे आणल्या, आणि त्याच त्यांच्या बाजूच्या सर्वांत भक्कम साक्षीदार ठरल्या. लिफ्टच्या अहवालात ११ पैकी २ बिघाड दरवाजाचे नव्हते ना? मग त्या दोघांना त्यांचा स्वतंत्र परिच्छेद द्या. ते कशामुळे झाले ते सापडलं नसेल तर तेही लिहा.

शिफारस : मग मी काय करू?

सत्तेचाळीस शिफारशी असलेला अहवाल कुणालाच बांधून ठेवत नाही, कारण सोप्या चव्वेचाळीस करून टाकल्या की "बहुतांश शिफारशींची अंमलबजावणी झाली" असं म्हणता येतं, आणि अवघड तीन तशाच राहतात. म्हणून शिफारशी थोड्या द्या आणि महत्त्वाच्या क्रमाने लावा. प्रत्येकीत चार गोष्टी हव्यात : कुणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, आणि झालं की नाही ते कशावरून कळणार. "देखभाल सुधारावी" ही सदिच्छा झाली. "कंत्राटदाराने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दरवाजाची यंत्रणा तपासून नोंदवहीत सही करावी, तीन महिन्यांत दोनपेक्षा जास्त बिघाड झाले तर कराराचा फेरविचार करावा" ही शिफारस.

शक्य तिथे, काहीच केलं नाही तर काय होईल, तेही एका वाक्यात सांगा. ठरवणाऱ्यापुढे "काहीच न करणं" हा पर्याय कायम असतो, आणि तो सर्वांत स्वस्त दिसतो.

"वरच्यांना आवडलं नाही तर?"

नाही आवडणार कधीकधी. कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं थांबत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं, पण त्या क्षणी झाकलेलं बरं वाटतं. इथे माझ्याकडे शूर सल्ला नाही, व्यवहारी आहे. वाईट बातमी अहवालातून पहिल्यांदा कळू देऊ नका. आधी तोंडी सांगा. विशेषणं काढून टाका. "अत्यंत बेजबाबदार" ऐवजी "सहापैकी चार तपासण्या झाल्या नाहीत" लिहा. विशेषणावर भांडता येतं, तारखेवर नाही. आणि मसुदा बदलायला सांगितलं तर शब्द बदला, निरीक्षण बदलू नका.

यंत्राकडून लिहून घेतलं तर?

आजकालचा प्रश्न. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वाक्यं गुळगुळीत करून देतात, लांब टिपणांचा सारांश काढतात. त्यासाठी वापरायला हरकत नसावी. पण ती लिफ्टपाशी गेलेली नसतात. त्यांना न सापडलेलं ते सापडल्यासारखं लिहितात, तेही ठाम सुरात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी अशा साधनाने दिलेले जुने निकाल न्यायालयात दाखल केले. ते निकाल कधी लागलेच नव्हते. न्यायाधीशांनी ५००० डॉलरचा दंड केला. सही वकिलांची होती, यंत्राची नव्हती. त्यामुळे तुमच्या अहवालातलं प्रत्येक नाव, तारीख आणि आकडा मूळ कागदावर बोट ठेवून तपासल्याशिवाय सही करू नका.

पाठवण्याआधी

मसुदा झाला की एक रात्र मध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तो मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकेल तिथे वाक्य तोडा. मग फक्त पहिलं पान अशा माणसाला द्या ज्याला या कामातलं काही माहीत नाही. त्याने वाचून झाल्यावर कागद परत घ्या आणि विचारा, "काय करायला सांगितलंय?" तो अडखळला तर त्याला समजावून सांगायला लागा. आणि समजावताना तोंडून जी वाक्यं आपसूक निघतील, ती लगेच लिहून घ्या. बहुतेक वेळा तुमच्या अहवालाचा खरा पहिला परिच्छेद तोच असतो.